सव्वीस टोप्या

पुरवणी जबाब
पोलीस ठाणे पारशिवनी, जिल्हा नागपूर
दिनांक १८/०१/२०२५, वेळ सकाळी ११.१०

नाव हेमराज बाबूलाल धापोडकर, वय ४९ वर्षे, धंदा नोकरी (खाजगी शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक), राहणार मनीषनगर, नागपूर, मूळ राहणार तांडापेठ, नागपूर.

मी कोणी न बोलावता, स्वतःहून ठाण्यात समक्ष हजर होऊन सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नी अंजू हिच्यासह राहतो. घोडदेव टेकडीवर मारोतराव घोरमाडे हे मागे राहून गेले, त्या प्रकरणी दिनांक १३/०१/२०२५ रोजी याच ठाण्यात माझा जबाब झाला आहे. त्या जबाबातील चार गोष्टी खोट्या आहेत. त्या मी घाबरून किंवा विसरून सांगितल्या नव्हत्या, विचार करून सांगितल्या होत्या. त्या दुरुस्त करण्यासाठी मी आज आलो आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही.

आमच्या भागात रविवार टेकडी मंडळ नावाचे मंडळ आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही गाडी करून रामटेक, मनसर, पारशिवनी या बाजूच्या टेकड्यांवर चढायला जातो. वरून देखावा पाहतो, फोटो काढतो आणि संध्याकाळच्या आत परत येतो. सभासद बहुतेक पन्नाशीच्या पुढचे आहेत. मी मंडळाचा प्रमुख आहे. त्यासाठी निवडणूक वगैरे झालेली नाही. मी माणसे मोजायला लागलो आणि त्यातून प्रमुख झालो.

मोजणीची पद्धत मुद्दाम सांगतो, कारण सगळे तिथेच बिघडले. तीन वर्षांपूर्वी रामटेकला आमच्यापैकी एक बाई अर्धा तास सापडल्या नव्हत्या. त्या पायऱ्यांवर फुटाणे घेत होत्या, परंतु तेवढ्या वेळात आमचे धाबे दणाणले. त्यानंतर मी सर्वांना संत्र्याच्या रंगाच्या टोप्या करून दिल्या आणि नियम केला की, गाडीत बसल्यापासून घरी उतरेपर्यंत टोपी काढायची नाही. मी चेहरे मोजत नाही, टोप्या मोजतो. "एक टोपी म्हणजे एक माणूस," असे मी दरवेळी शिट्टी वाजवून सांगत असे. लोक हसत, पण ऐकत. शाळेत चोवीस वर्षे सहली नेल्या, एक पोरगा इकडचा तिकडे झाला नाही, हेही मी दरवेळी सांगत असे. हवालदार साहेबांनी इतके खोलात नको असे म्हटले, परंतु हे लिहून घ्यावे अशी मी विनंती केली.

मारोतराव घोरमाडे, वय ६८, हे काटोलचे. पूर्वी संत्र्यांचा व्यापार करत. दोन वर्षांपासून ते व त्यांच्या पत्नी कुसुमताई आमच्या शेजारच्या गल्लीत मुलगी रितिका हिच्याकडे राहतात. त्यांना मधुमेह आहे व उजवा गुडघा दुखतो. घरात बसून बसून ते गप्प झाले होते, म्हणून रितिका यांनीच डिसेंबरमध्ये त्यांचे नाव मंडळात घातले. मारोतराव स्वतः तयार नव्हते. "हे टेकडीफेकडी मले नाही जमत, सर. माझा जनम सपाट रस्त्यावर गेला," असे ते मला म्हणाले होते. त्यावर रितिका म्हणाल्या, "सर आहेत ना सोबत. मंग कशाले भेता?" मी तिथेच उभा होतो. मला ते ऐकून बरे वाटले होते.

दिनांक १२/०१/२०२५ रोजी सकाळी ६.१५ वाजता आम्ही मनीषनगरहून छोट्या बसने निघालो. मी व पत्नी अंजू धरून सव्वीस लोक होते व टोप्याही सव्वीस होत्या. पारशिवनीच्या पुढे मौजा सालईटोला येथे ८.५० वाजता पोहोचलो. वाट दाखवण्यासाठी गावातील विश्वनाथ याला सोबत घेतले. घोडदेव टेकडी फार उंच नाही, पण सपाटीवर राहणाऱ्या आम्हा नागपूरकरांना ती डोंगरच वाटते. वाट सागाच्या जंगलातून जाते. माथ्यावरून धरणाचे पाणी दिसते, त्यासाठी लोक येतात.

अर्ध्या वाटेवर एक सपाट खडक आहे. तेथे येईपर्यंत दहा वाजले होते व मारोतराव खूप मागे पडले होते. दर वळणावर आम्हाला त्यांच्यासाठी थांबावे लागत होते. अकराच्या आत माथ्यावर पोहोचून सर्वांचा एकत्र फोटो काढायचा असे मी ठरवले होते, कारण नंतर ऊन डोळ्यांवर येते. मी चिडलो होतो. ते मी तोंडावर दाखवले नाही, परंतु त्यांना ते समजले असावे. मी त्यांना म्हणालो, "मारोतराव, तुम्ही इथंच बसा. आम्ही वर जाऊन येतो. येताना तुम्हाले घेतो. जागा सोडू नका."

ते लगेच बसले. बसता बसता त्यांनी विश्वनाथला हाक मारली. विश्वनाथच्या डोक्यावर काही नव्हते. मारोतरावांनी स्वतःची टोपी काढून त्याला दिली. "मी तर सावलीत बसून राहिलो. तू घाल गा, ऊन हाय. खाली गेल्यावर दे," असे ते म्हणाले, हे विश्वनाथने नंतर सांगितले. मी ते पाहिले नाही. मी पुढे निघालो होतो.

म्हणजे मारोतराव आपल्या मर्जीने मागे थांबले, असे जे मी पहिल्या जबाबात सांगितले, ते खोटे आहे. त्यांना मी बसवले होते. परत घ्यायला येतो असा शब्दही मी दिला होता.

माथ्यावर फोटो झाले. कोणाला झेंडा धरून हवा होता, कोणाला धरणाचे पाणी मागे हवे होते, त्यात सव्वाबारा वाजले. ड्रायव्हरचे दोन फोन येऊन गेले. विश्वनाथ म्हणाला की पलीकडून एक उतार आहे, तिकडून अर्ध्या वेळात खाली जाता येते. मी हो म्हणालो. तेव्हा त्याने मला विचारले, "अन् ते बाबा, सर? थे तर तिकडच्या वाटेनं बसले हायत." मी म्हणालो, "ते उतरले असतील आतापर्यंत. किती वेळ बसतीन?" विश्वनाथने पुन्हा विचारले नाही. मी सर होतो, तो वाट दाखवणारा होता. त्याच्या डोक्यावर आमची टोपी आहे, हेही माझ्या लक्षात आले नाही.

विश्वनाथला मारोतरावांना आणायला मी सांगितले होते, असेही मी पहिल्या जबाबात म्हटले आहे. तेही खोटे आहे. त्याने मला आठवण करून दिली होती आणि मी ती उडवून लावली. माझ्या त्या एका वाक्यामुळे त्याला तीन वेळा या ठाण्यात बोलावले गेले व गावात त्याच्याकडे लोक वाकड्या नजरेने पाहू लागले, असे मला आज बाहेरच्या बाकावर समजले. तोही आज तेथेच बसला होता. त्याने मला नमस्कार केला.

आम्ही १.२० वाजता खाली आलो. उशीर झाल्याने पंगत न मांडता पुरी-भाजीची पुडकी गाडीतच वाटली. पुडकी मंडळाचे सचिव कृष्णकांत वाटत होते. मी ड्रायव्हरच्या बाजूला उभा राहून मोजणी केली. सर्वजण भुकेले होते व पुडक्यांवर वाकले होते. मला वरून फक्त टोप्या दिसत होत्या. माझी धरून सव्वीस भरल्या. मी शिट्टी वाजवली व गाडी सोडली. मारोतराव उतरले असतील असे मी माथ्यावर म्हणालो होतो, मोजणीने ते खरे ठरल्यासारखे वाटले. पारशिवनीला बाजारासाठी जायचे म्हणून विश्वनाथ ड्रायव्हरला विचारून मागच्या दारातून चढला होता व शेवटच्या सीटवर बसला होता. सव्विसावी टोपी त्याची होती. सव्विसावे पुडकेही त्यानेच खाल्ले. यात त्याचा काही दोष नाही, त्याला कोणी काही विचारले नव्हते.

दुपारी २.०५ वाजता मला रितिका यांचा फोन आला. आमच्यात झालेले बोलणे मी आता जसेच्या तसे सांगतो.

"सर, बाबाईचा फोन लागूनच नाही राहिला. सोबत आहेत ना?"

"हो, हो. मागं बसले आहेत."

"जरा देता का त्याईले? दोनची गोळी घेतली का विचारायचं होतं."

मी मान वळवून पाहिले. शेवटच्या सीटवर एक टोपी खिडकीला टेकलेली दिसली. मी म्हणालो, "अवं, पुरी-भाजी खाऊन झोपले ना ते. गोळी घेतली त्याईनं. आता कशाले उठवतं?"

रितिका हसल्या. "झोपू द्या मंग," त्या म्हणाल्या. "किती दिवसानं असे थकून झोपले असतीन."

गोळी घेतली, हे मी मनाने सांगितले. पुरी-भाजी खाल्ली हेही मनानेच. माझ्यापासून शेवटची सीट आठ-नऊ पावलांवर होती. मी उठलो नाही, कारण गाडीत भेंड्या चालू होत्या, मला चढलेल्या टेकडीचा अभिमान वाटत होता, आणि मी एकदा मोजले की ते पुन्हा मोजावे लागत नाही असे मला वाटत असे.

पहिल्या जबाबात मी असे सांगितले होते की, "पाहून सांगतो, तुम्ही पाच मिनिटांनी फोन करा," असे मी रितिका यांना म्हणालो व त्यांनी नंतर फोनच केला नाही. हे खोटे आहे. मी त्यांना पक्के सांगितले होते. पक्के सांगितल्यावर कोणी पुन्हा फोन करत नाही.

यापुढे जे सांगतो ते आजपर्यंत मी कोणालाच सांगितलेले नाही, पत्नीलाही नाही. कोणी ते शोधूनही काढू शकले नसते.

गाडी २.३० वाजता पारशिवनीला चहासाठी थांबली. सर्वजण उतरले. विश्वनाथ तेथून बाजाराकडे निघून गेला, टोपी डोक्यावरच होती. २.५० वाजता सर्वजण परत बसले. मी सवयीप्रमाणे मोजणी केली. पंचवीस भरल्या. मी पुन्हा मोजल्या. पंचवीस.

कोणीतरी टोपी काढून मांडीवर ठेवली असेल, असे मी स्वतःला सांगितले. मग मी मागे जायला निघालो. दोन्ही बाजूंनी माणसे पाहत मी पाचव्या रांगेपर्यंत गेलो. तेथून शेवटची सीट नीट दिसत नव्हती, एका बाईने पिशवी वर धरली होती. आणखी चार पावले टाकली असती तर दिसली असती. मी तेथे थांबलो. माझ्या मनात आले की मागे मारोतराव नसले, तर मी त्या मुलीला पाऊण तासापूर्वी काय सांगितले? तिला फोन करून काय म्हणायचे? झोपलेला माणूस कुठे गेला म्हणायचे? एवढ्या सगळ्यांसमोर?

कृष्णकांत यांनी पुढून हाक मारली, "सर, या ना, तुमच्यावर अक्षर आलं." मी परत फिरलो. लोकांनी विचारले, सगळे आहेत ना? मी म्हणालो, सव्वीस.

चहानंतरही सव्वीस भरल्या, असे पहिल्या जबाबात लिहिले आहे. ते खोटे आहे. पंचवीस होत्या. पारशिवनीपासून घोडदेव टेकडी गाडीने पाऊण तास आहे. दिवस मावळायला तीन तास होते. मारोतराव तेव्हा त्या खडकावरच बसलेले होते. त्याच वेळी गाडी वळवली असती, तर साडेतीनच्या सुमारास आम्ही टेकडीच्या पायथ्याशी असतो व उजेडात त्यांना हाताला धरून उतरवले असते. हा हिशोब मी त्या दिवसापासून रोज करतो. तो दरवेळी बरोबर येतो.

मला विचारण्यात आले की, मारोतराव गाडीत नाहीत हे तुम्हाला त्या वेळी नक्की माहीत होते काय. त्यावर मी सांगतो की, नक्की माहीत नव्हते. नक्की माहीत होऊ नये म्हणूनच मी परत फिरलो.

सायंकाळी ४.४० वाजता गाडी मनीषनगरला पोहोचली. रितिका स्कूटर घेऊन उभ्या होत्या. वडिलांचे गुडघे दुखतील म्हणून त्यांनी मागच्या सीटवर उशी बांधून आणली होती. एकेक जण उतरला. शेवटचा माणूस उतरल्यावर त्यांनी दारातून आत डोकावून पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. "सर, बाबा?" एवढेच म्हणाल्या. मी गाडीत चढून सर्व सीटा पाहिल्या. चार दिवसांपूर्वी, म्हणजे १४ तारखेला, माझी पत्नी मला म्हणाली की तेव्हा मी सीटांच्या खालीही वाकून पाहत होतो. मला ते आठवत नाही.

त्यानंतरची हकीगत ठाण्याच्या नोंदीत आहे. मी ५.०५ वाजता येथे फोन केला. ठाण्याचे लोक, वनरक्षक व सालईटोल्याची माणसे शोधायला निघाली. बातमी कळल्यावर विश्वनाथ टोपी हातात घेऊन आला, तेव्हा टोपीचा उलगडा झाला. मी व रितिका साडेसात वाजता पोहोचलो, तोपर्यंत पूर्ण अंधार झाला होता. खडकावर मारोतराव नव्हते. थंडी कडाक्याची होती. दिनांक १३/०१/२०२५ रोजी सकाळी ६.५० वाजता गावातील पार्वतीबाई यांना ते खडकाच्या खालच्या नाल्यात पडलेले दिसले. ते शुद्धीवर होते. कमरेचे हाड मोडले होते, साखर खूप उतरली होती, ओठ काळेनिळे पडले होते. पार्वतीबाईंनी स्वतःचे लुगडे सोडून त्यांच्यावर घातले व परकरावर गावापर्यंत धावत जाऊन माणसे आणली. हे मुद्दाम सांगतो, कारण त्या दिवशी त्या टेकडीवर लाज न बाळगता वागलेले एक माणूस होते, ते कोण हे नोंदीत असावे.

त्याच दिवशी दुपारी माझा पहिला जबाब झाला. ठाण्यात येण्यापूर्वी कृष्णकांत यांनी मला बाजूला घेतले होते. "सर, सांभाळून बोलजा. मंडळाचं नाव आहे, तुमची नोकरी आहे," एवढेच ते म्हणाले. खोटे बोला असे ते म्हणाले नाहीत. ते मी माझ्या अकलेने केले.

१४ तारखेला संक्रांत होती. मंडळाचे लोक तिळगूळ घेऊन घरी आले. सर, तुमची काही चूक नाही, म्हातारी माणसे ऐकत नाहीत, असे सर्वजण बोलत होते. मीही मान हलवत होतो. पत्नी अंजूने सर्वांना ताट फिरवले, मला तिळगूळ दिला नाही. लोक गेल्यावर तिने विचारले, "फोन आला तेव्हा मी तुमच्याच बाजूले बसली होती. तुमी उठले होते का?" मी म्हणालो, नाही. "मंग थे झोपले, हे तुम्हाले कसं समजलं?" ती उठून ताट धुवायला गेली.

काल, दिनांक १७/०१/२०२५ रोजी सायंकाळी पाच वाजता मी मारोतरावांना भेटायला नागपूरच्या दवाखान्यात गेलो. शस्त्रक्रिया झाली आहे. पुढे चालता येईल की नाही, हे डॉक्टर आत्ताच सांगत नाहीत. खोलीत कुसुमताई व रितिका होत्या. मला पाहून कुसुमताई उठल्या व त्यांनी स्वतःची खुर्ची मला दिली. "बसा सर. पोरी, सरले पाणी दे," असे त्या म्हणाल्या. मग माझ्यासमोरच रितिका यांना बोलू लागल्या. "सर बिचारे म्हणले होते, पाहून सांगतो. हिनं परत फोन काहून नाही केला, मी हेच इचारून राहिली पाच दिवसापासून. पोटची पोरगी हाय, अन् एक फोन नाही करता आला तुले? तूच धाडलं होतं ना वं त्याईले?"

माझा जबाब त्यांच्या घरापर्यंत पोहोचला होता. रितिका यांनी बाटलीतले पाणी ग्लासात ओतले व आणून माझ्या हातात दिले. ग्लास देताना त्यांनी माझ्याकडे पाहिले. खरे काय ते त्या खोलीत आम्हा दोघांनाच माहीत होते. मी पाणी प्यालो.

नंतर मारोतरावांनी मला जवळ बोलावले. त्यांचा आवाज बसला आहे. मी वाकलो तेव्हा त्यांनी दोन्ही हात जोडले, एका हाताला सलाईन लावलेले होते. ते म्हणाले, "सर, माफ करजा मले. तुमी सांगतलं होतं, जागा सोडू नका. मी पाच वाजेपर्यंत हललो नाही. लघवीलेही दूर गेलो नाही, म्हटलं तुमी घ्याले याल अन् मी नाही दिसलो तं. मंग दिवस मावळाले आला. वाटलं, माझ्यापायी पंचवीस लोकं खोळंबून राहिले असतीन, म्हणून उतरलो. तुमचं आयकाले पाहिजे होतं मी. पोलिसाईले मी सांगून देल्लं, चूक माझीच हाय."

त्यावर मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणालो, "असू द्या मारोतराव. काही हरकत नाही."

हे मी म्हणालो. ते ऐकून त्यांना खरोखरच बरे वाटले, त्यांचा चेहरा हलका झाला. कुसुमताईंनी पदराने डोळे पुसले. रितिका खोलीच्या बाहेर निघून गेल्या. ज्या माणसाला मी खडकावर बसवून विसरलो, त्याने माझी माफी मागितली आणि मी त्याला माफ करून घरी आलो. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. घरी येऊन मी पत्नीला सांगितले की उद्या पारशिवनीला जातो. ती म्हणाली, "मी येऊ का सोबत?" मी नको म्हणालो. पहिला जबाब द्यायलाही मी एकटाच आलो होतो.

तरी मी सांगतो की, मारोतराव घोरमाडे यांनी या प्रकरणात कोणतीही चूक केलेली नाही. त्यांनी माझे ऐकले, म्हणून ते सात तास खडकावर बसून राहिले. त्यांनी आपलीच चूक असल्याचे सांगितले असेल, तर ते त्यांच्या चांगुलपणामुळे सांगितले आहे, ते खरे धरू नये. विश्वनाथ याची काही चूक नाही. रितिका यांनी वेळेवर फोन केला, जे विचारायला हवे होते तेच विचारले व ज्याच्यावर विश्वास ठेवायला हवा होता त्याच्यावर विश्वास ठेवला. त्यांची काहीही चूक नाही. हे वाक्य ठळक अक्षरात लिहावे अशी मी विनंती केली. जबाबात तशी पद्धत नसते, असे हवालदार साहेबांनी सांगितले.

या जबाबामुळे माझ्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो व माझ्या नोकरीवर परिणाम होऊ शकतो, याची मला समज देण्यात आली. मला ती समजली आहे. मंडळाच्या प्रमुखपदाचा राजीनामा मी आज सकाळी कृष्णकांत यांच्याकडे दिला आहे. या जबाबाची नक्कल मला मिळावी, अशी माझी विनंती आहे. येथून मी थेट दवाखान्यात जाणार आहे. हा जबाब कुसुमताईंसमोर, रितिका तेथे असताना, मला स्वतःच्या तोंडाने वाचायचा आहे. मारोतराव जागे असल्यास त्यांनाही ऐकवायचा आहे. त्यानंतर ते मला खोलीतून जा म्हणाले, तर मी जाईन.

वर लिहिलेला मजकूर हवालदार साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे, कमीजास्त काही नाही. १३ तारखेच्या जबाबाखालीही मी असेच म्हणून सही केली होती. म्हणून हा जबाब एकदा वाचून झाल्यावर पुन्हा वाचावा, अशी मी विनंती केली. त्यांनी तो पुन्हा वाचला व मी पुन्हा ऐकला. हा खरा आहे.

सही
हेमराज बाबूलाल धापोडकर

समक्ष
(जबाब लिहून घेणारे हवालदार)